मदत हवी आहे: सिल्कीची अंडी दोनदा रवणीला बसवली, एकही पिल्लू नाही!

उंबरठा
दोन वेळा झालं, आता डोकं फिरायची वेळ आलीय म्हणून विचारतेय. माझ्याकडे सिल्कीची (रेशमी पिसांची कोंबडीची जात) पांढरी जोडी आहे, राजा-राणी. राणी मे महिन्यात खुडूक झाली (अंडी घालणं थांबवून उबवायला बसली), तिच्याखाली ९ अंडी ठेवली. २१ दिवस झाले, २४ झाले, काही नाही. फेकून दिली. मग परत अंड्यावर आली, जूनअखेर परत खुडूक, या वेळी ११ ठेवली. आज २५वा दिवस. परवा एक फोडलं तर आत नुसता पाणचट बलक आणि वास. खाणंपिणं चांगलं, जागा कोरडी, मांजर-मुंगूस फिरकत नाही. राणी जागची हलत नाही, दिवसातून एकदा उठते तेवढीच. मग चुकतंय कुठे? पोरांना पिल्लं दाखवायचं कबूल केलंय, दोघं रोज सकाळी खुराड्यात डोकावतात आणि मग माझ्याकडे बघतात. 'धीर धरा' सांगू नका, धरून झाला.

इनक्युभक्त
कोंबडीवर विसंबायचे दिवस गेले. थर्माकोलची पेटी, ४० वॉटचा बल्ब, थर्मोस्टॅट, जुन्या कॉम्प्युटरचा पंखा, झालं. ३७.५ अंश, पहिले १८ दिवस आर्द्रता ५०% च्या आसपास, शेवटचे ३ दिवस ६५ ते ७०. अठराव्या दिवसानंतर अंडी फिरवायची नाहीत, झाकण उघडायचं नाही. तुम्ही तापमान किती ठेवलं होतं?

उंबरठा
कोंबडीच्या पोटाचं तापमान मी कसं ठेवणार? वाचलंत तरी का?

खुराडेकरी
माहिती अपुरी आहे. वय किती दोघांचं? घेऊन किती दिवस झाले? कुठे राहता? सातव्या-आठव्या दिवशी अंधारात टॉर्च लावून अंडी बघितली होती का? जे फोडलं त्यात रक्ताची रेघ, काळा ठिपका, काहीही दिसलं का? पिल्लू तयार होऊन मेलं असेल तर गोष्ट वेगळी, आणि मुळात अंडं अफलित असेल तर वेगळी.

उंबरठा
बदलापूर. मोठी आहेत दोघं, मार्चमध्ये घेतली तेव्हा विकणारा म्हणाला सात महिन्यांची. टॉर्च वगैरे नाही लावला, आमच्या आजीने आयुष्यात कधी लावला नव्हता आणि तिच्याकडे पिल्लंच पिल्लं असायची. रक्त नव्हतं, पिवळं आणि पाणी.

गजालीकर
आजीचं नाव काढलंत म्हणून सांगतो. जूनच्या शेवटाला बसवलीत ना? तेव्हा वीज किती कडाडली आठवा. विजेने अंडी नासतात म्हणत आमच्या आईने रवणीच्या टोपलीत कोळसा आणि लोखंडाचा खिळा ठेवल्याशिवाय कधी कोंबडी बसवली नाही. अंडी विषम ठेवायची, तेवढं तुम्ही केलंत. खिळा ठेवला होता काय?

इनक्युभक्त
खिळा!! २०२५ मध्ये!!

गजालीकर
तुमच्या पेटीची वीज गेली की मग कळतं २०२५ कुठे आहे ते. आमच्याकडे पावसाळ्यात दोन-दोन दिवस लाईट नसते, कोंबडी तशीच गरम.

पक्षिवैद्य_शिकाऊ
लसीकरण झालंय का? मानमोडीची (राणीखेत रोगाची) लासोटा लस पिल्लू ५ ते ७ दिवसांचं असताना डोळ्यात किंवा नाकात थेंब, नंतर आठ आठवड्यांच्या सुमारास त्याच रोगाची आरटूबी लस. सिल्की मरेक्स या रोगालाही बऱ्यापैकी लवकर बळी पडतात, त्याची लस पहिल्याच दिवशी. पाय लुळा पडणे, एक पुढे एक मागे, अशी काही लक्षणं?

उंबरठा
पिल्लू झालं तर लस देईन हो. पिल्लूच नाहीये.

पिसारा
आठ वर्षं फक्त सिल्की सांभाळतोय, म्हणून माझं ऐका. या जातीला शेपटीखाली पिसांचा एवढा झुपका असतो की कोंबडा चढला तरी काम नीट होत नाही. माझ्याकडे पहिल्या वर्षी निम्मी अंडी रिकामी जायची. आता हंगामाच्या आधी दोघांच्याही शेपटीखालची पिसं रुपयाएवढी जागा मोकळी होईल इतकी कातरतो. छोटी कात्री, एकाने काखेत धरायचं, दुसऱ्याने कातरायचं. पिसाच्या मुळाशी रक्त असतं, तिथवर जाऊ नका. शिवाय डोक्यावरचा पिसांचा झेला डोळ्यांवर येत असेल तर तोही रबराने बांधा, कोंबड्याला कोंबडी दिसत नाही तर काय करेल बिचारा.

कडक_माणूस
सिल्कीचा नाद सोडा. दिसायला गोंडस, पण पीस असं की पाऊस अंगात मुरतो, उडता येत नाही, अंडी वर्षाला शंभराच्या वर फार नाहीत. काळं मांस, काळी हाडं हवीत तर आपला कडकनाथ आहे की. झाबुव्याच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. नाहीतर असं करा, राणीवर कडकनाथ कोंबडा सोडा, दोन्ही काळे, पिल्लं भारी येतील.

पिसारा
काळी येतील बहुतेक, पण रेशमी पिसांची एकही येणार नाही. ते पीस अप्रभावी गुणाचं आहे, दोन्हीकडून यावं लागतं. पहिली पिढी सगळी साध्या पिसांची, ती परत सिल्कीला जोडली तर निम्मी रेशमी. आणि किलोभर वजनाच्या कोंबडीवर दोन किलोचा कोंबडा सोडणार? पाठ सोलून निघेल तिची.

धनगरवाडा
कडकनाथचं नाव नका काढू माझ्यासमोर. भावजींनी एका योजनेत पैसे घातले होते, पक्षी आम्ही देतो, अंडी आम्हीच घेतो म्हणणाऱ्या. पक्षी आले, खाद्य आलं, अंडी घ्यायला कोणी आलं नाही. सहा महिने आम्ही नातेवाइकांत काळ्या कोंबड्या वाटत होतो.

यॉर्कशायरी
इथे इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून घरी एकच कोंबडी असली तरी सरकारदरबारी नोंद सक्तीची आहे. बर्ड फ्लूची साथ आली की त्यांना बंदिस्त ठेवावं लागतं. माझ्या तीन सिल्की गेल्या हिवाळ्यात किती दिवस आतच. तिकडे नोंदणी लागते का?

चौथा_मजला
बदलापूरला बंगला आहे की सोसायटी? सोसायटीत कोंबडा पाळणाऱ्यांना काय शिक्षा असावी यावर वेगळा धागा काढायचा विचार आहे. आमच्या मागच्या चाळीतला साडेतीनला सुरू होतो.

उंबरठा
रो-हाउस आहे. आणि आमचा राजा गुणी आहे, आजवर एकदाही आरवला नाही. म्हणून तर शेजारी काही बोलत नाहीत.

@पिसारा, धन्यवाद, आज संध्याकाळी दोघांची पिसं कातरली. नवऱ्याने धरलं. राणी ओरडली, राजा शांत बसला. तो तसा फार मायाळू आहे, रवणीच्या काळात तिच्या शेजारीच ठाण मांडतो, कधी कधी तर ती उठली की स्वतः अंड्यांवर बसतो. असा बाप माणसांत मिळणार नाही.

गजालीकर
गो बाये. कोंबो आरवणा नाय, वर अंड्यार बसता?

खुराडेकरी
थांबा थांबा. राणी रोज अंडं घालायची का? किती दिवसांत जमली ती ११?

उंबरठा
आठवड्याभरात. भारी घालते ती! रोज एक, मधे तीन-चार दिवस तर दोन-दोन होती. एक जरा लहान असायचं.

खुराडेकरी
एका कोंबडीला एक अंडं तयार करायला २४ ते २६ तास लागतात. दिवसाला दोन, तेही आठवड्यात चारदा, शक्य नाही. सिल्की तर आठवड्याला तीन-चार घालून दमते. ताई, तुमच्याकडे दोन राण्या आहेत.

पिसारा
आरवत नाही ही गोष्ट पहिल्या पोस्टमध्ये लिहायची असते हो! मी उगाच कात्री लावायला सांगितली.

उंबरठा
असं कसं? राजा मोठा आहे, छाती काढून चालतो, खायला आधी तोच येतो. पिसं कातरताना मी बघितलं होतं, तसं काही वेगळं वाटलं नाही.

पक्षिवैद्य_शिकाऊ
तिथे बघून काही कळत नाही, मोठ्या कोंबड्याचंही बाहेर काही दिसत नाही. लसीकरणाचं मात्र विसरू नका.

पिसारा
मोठी असते ती दादागिरी करणारी, दोन माद्यांतही एक वरचढ असतेच. सिल्कीत नर-मादी ओळखणं भल्याभल्यांना पाच-सहा महिन्यांपर्यंत जमत नाही, विकणारेही अंदाजानेच देतात. पण तुमची आता वर्षाच्या घरात आहेत, आता कळायला हवं. डोकं बघा. मादीचा झेला पावडरच्या पफसारखा गोल. नराच्या झेल्यातून लांब पिसं मागे पडलेली, जोरात वारा लागल्यासारखी. नराचा तुरा रुंद, अक्रोडासारखा खडबडीत, चोचीच्या वर बसलेला, मादीचा जेमतेम दिसतो. गळ्याखालचे गलोल नराला मोठे. पायाची पाच बोटं मोजत बसू नका, ती दोघांनाही असतात.

उंबरठा
आत्ता टॉर्च घेऊन जाऊन आले. दोघांचा झेला गोल. तुरा बोटाने चाचपून शोधावा लागला, दोघांचाही.
मी चार महिने हिला राजा म्हणतेय.

कडक_माणूस
म्हणूनच म्हणत होतो कोंबडा सोडा.

खुराडेकरी
खात्री करायची असेल तर पुढचं ताजं अंडं बशीत फोडा. बलकावर पांढरा ठिपका असतो. ठिपक्याभोवती बांगडीसारखं गोल वर्तुळ दिसलं तर फलित, नुसता भरीव वेडावाकडा ठिपका असेल तर अफलित.
पण आधी ती सगळी अंडी काढा. २५ दिवस बसलीय, मे धरला तर दुसऱ्यांदा. उचलून छातीचं हाड लागतं का बघा, आणि पिसं बाजूला करून उवा झाल्यात का ते.

उंबरठा
हाड लागतंय. दोघींचं.
अंडी काढली तर रिकाम्या जागेवर बसून राहील, मागच्या वेळी आठ दिवस तशीच बसली होती.

खुराडेकरी
तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात, वर टांगून, तीन-चार दिवस. पोटाखाली वारा लागला की खुडूक मोडते. खाणंपाणी समोर. पाण्यात बुडवायला सांगणारे भेटतील, ते या पिसांना पावसाळ्यात अजिबात करू नका, आठवडाभर ओली राहील.

गजालीकर
मोडायची कशाला? पोरांना पिल्लंच बघायचीत ना. हडकलीय ती, आता आणखी २१ दिवस तिला बसवू नका. गावठी कोंबडीची एक दिवसाची पिल्लं कुठे मिळतात ती बघा, रात्री पूर्ण काळोखात एकेक करून पोटाखाली सरकवा आणि अंडी काढून घ्या. सकाळी तिची झाली. सिल्कीसारखी आई नाही, बदकाचं दिलंत तरी वाढवील. खिळा लागत नाही त्याला.

इनक्युभक्त
एक दिवसाची पिल्लं येतात कुठून? इनक्युबेटरमधून.

उंबरठा
विकणाऱ्याला फोन लावला. म्हणतो, "मॅडम, जोडी म्हणजे दोन नग. नर-मादी मी कधी म्हणालो?" साडेतीन हजार दिलेत मी. भांडून फोन ठेवला.

धनगरवाडा
भावजींनाही असंच काहीसं सांगितलं होतं.

उंबरठा
(चार दिवसांनी) वांगणीच्या बाजूला एका मावशींकडून सहा गावठी पिल्लं आणली. रात्री अकराला, नवऱ्याने मोबाइल पदराआड धरला (पदर माझा), मी एकेक आत सरकवलं. पहिलं सरकवताना तिने हातावर चोच मारली, दुसऱ्यापासून नुसती घुर्रर्र करत अंग फुगवलं. सकाळी बघते तर तीन राणीखाली, तीन राजाखाली, आणि दोघी शेजारी शेजारी. धाकटा शाळेला जायला तयार नव्हता. नाव राजाच ठेवलंय, आता ती हाकेला येते त्या नावाने.

@पिसारा, खात्रीचा नर मिळेल का कोणाकडे? आरवणारा. मात्र या दोघींचा भाऊ नको.

पिसारा
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. सप्टेंबरपर्यंत थांबा, पाऊस जाऊ दे. दोघींना अंगावर मांस धरू दे आधी.

पक्षिवैद्य_शिकाऊ
सहा पिल्लं, म्हणजे पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा. आता तरी.

चौथा_मजला
सहा गावठी पिल्लांत निदान दोन-तीन तरी कोंबडे निघतील. आणि वर एक आरवणारा मागवताय. रो-हाउसला भिंत सामाईक असते ना?