मदत हवी आहे: ओरेगन ट्रेलवरची ठिकाणं, आईबाबांसोबत

नमस्कार मंडळी, आम्ही डेन्व्हरला राहतो. जूनमध्ये आईबाबा येताहेत. बाबांनी सह्याद्रीतले गड आयुष्यभर पालथे घातलेत, त्यांना मॉल दाखवण्यात अर्थ नाही. म्हणून वायोमिंगला न्यायचं मनात आहे. एकोणिसाव्या शतकात ओरेगन ट्रेल या वाटेने पश्चिमेकडे निघालेल्या वसाहतकऱ्यांच्या गाड्यांनी गर्न्झीजवळ वालुकाश्मात पाडलेल्या चाकोऱ्या आजही दिसतात, काही ठिकाणी पाच फूट खोल! शेजारी रजिस्टर क्लिफ या कड्यावर त्यांनी कोरलेली नावं आहेत. पुढे फोर्ट लॅरामी, १८३४ पासूनचं फरच्या व्यापाराचं ठाणं, १८४९ मध्ये लष्कराने घेतलेलं.

बाबांचे गुडघे दुखतात, चाकोऱ्यांपर्यंतची चढण झेपेल का? नेब्रास्कातला स्कॉट्स ब्लफ हा खडकाळ डोंगर पाहणं त्याच दिवशी होईल की मुक्काम करावा? जेवणाचा डबा नेऊच.

आणखी एक, मनापासून विचारतेय. लकोटा या तिथल्या मूळ रहिवाशांशी सरकारचा १८६८ चा तह फोर्ट लॅरामीलाच झाला आणि तहाने त्यांच्यासाठी राखलेल्या ब्लॅक हिल्स डोंगरांत सोनं सापडल्यावर सरकारने तो मोडला. ज्यांच्या मुलखातून या गाड्या गेल्या त्यांची बाजू नीट मांडणारं एखादं छोटं स्थानिक संग्रहालय तिकडे कोणी पाहिलंय का? बाबा फलक न् फलक वाचतात, तेव्हा किती वेळ हाताशी ठेवावा तेही सांगा.