मुलगी जॉब्स डॉटर्समध्ये आहे. ती कुठल्याही पंथात गेलेली नाही.

ओमाहाची_आई
"अमेरिकेतले मराठी आईबाप मुलींना मेसनांच्या गुप्त पंथात ढकलताहेत" हा लेख वाचून गप्पच बसणार होते, पण खालचे "अगदी खरं" वाचून राहवेना. लेखकाचं म्हणणं असं की फ्रीमेसन या पुरुषांच्या बंधुसंघटनेशी जोडलेल्या जॉब्स डॉटर्स, रेनबो गर्ल्स असल्या मुलींच्या संघटनांत बंद दाराआड विधी चालतात, मुलींना हळूहळू ख्रिस्ती केलं जातं आणि सोरोरिटीतली दारू नि रॅगिंग ओघाने येतंच.

सोरोरिटी म्हणजे कॉलेजातल्या मुलींची संघटना. जॉब्स डॉटर्स दहा ते वीस वर्षांच्या मुलींची. एकीचा दुसरीशी काडीचा संबंध नाही. १९२० साली एथेल मिक या बाईंनी ती इथेच, नेब्रास्कातल्या ओमाहात सुरू केली. बेथेलच्या, म्हणजे स्थानिक शाखेच्या, बैठकीला आईबापांना बसता येतं, मी बसते. पांढरे झगे घातलेल्या मुली आपापल्या जागी उभ्या राहून पाठ केलेली वाक्यं म्हणतात. मग इतिवृत्त, जमाखर्च, आणि पॅनकेकच्या नाश्त्यातून जमलेल्या पैशांचं काय करायचं यावर मतदान. माझी लेक खजिनदार होती तेव्हा एकदा हिशेब जुळेना. तिने पावत्यांचा डबा जेवणाच्या टेबलावर पालथा केला आणि तारखेप्रमाणे लावत बसली, कारण पुढच्या बैठकीत उभं राहून उत्तर तिलाच द्यायचं होतं. मी मदतीला गेले तर म्हणाली, "आई, तू नको." मला हवं होतं ते हेच.

स्पष्टवक्ता_नाशिक
ताई, तुमची माया समजू शकतो. पण मेसन म्हणजे मेसन. आमच्याकडे लॉजला, म्हणजे मेसनांच्या बैठकीच्या जागेला, जादूघर म्हणायचे, संध्याकाळी त्या रस्त्याने पोरांना जाऊ देत नसत. लोक उगाच घाबरत नव्हते. लपवण्यासारखं काही नसेल तर खुणा आणि परवलीचे शब्द कशाला?

वारसा_फेरी
काका, त्या जादूघरात कोण जायचे ते तरी बघा. स्वामी विवेकानंदांनी १८८४ साली कलकत्त्याच्या लॉजमध्ये दीक्षा घेतली होती. मुंबईत १८४३ला लॉज रायझिंग स्टार निघालं तेच मुळी गोऱ्यांच्या लॉजमध्ये भारतीय माणसाला घेत नव्हते म्हणून. माणेकजी कर्सेटजींनी त्यासाठी वर्षानुवर्षं खटपट केली. भुताखेतांच्या गोष्टी बाहेर उभ्या असलेल्यांनी रचल्या.

स्पष्टवक्ता_नाशिक
विवेकानंद पुढे संन्यासी झाले, लॉजचे अध्यक्ष नाही झाले. दाखले सोयीचे काढू नका.

न्यूजर्सीची_सून
भुतं राहू द्या. मधोमध बायबल असतं, सगळा विधी ईयोबाच्या, म्हणजे बायबलातल्या जॉबच्या, कथेवर बेतलेला असतो. दहा वर्षांच्या पोरीला ते तोंडपाठ करायला लावायचं आणि वर "धर्माशी संबंध नाही" म्हणायचं, हे मला पटत नाही. घरी शुभंकरोती म्हणायला वेळ नसतो.

ओमाहाची_आई
"संबंध नाही" असं मी म्हटलेलंच नाही. परमेश्वरावर श्रद्धा असावी ही अट आहे. तो कोणत्या धर्माचा, हे विचारत नाहीत. आणि कथा कुठे संपते तेही सांगा ना: ईयोब मुलींना त्यांच्या भावांबरोबर वारसा देतो. त्याच ओवीवरून संघटनेचं नाव आलंय. आपल्याकडे वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्माने हक्क मिळायला महाराष्ट्रात १९९४ उजाडलं, देशभर २००५. माझ्या आत्याने त्या आधीच हक्कसोडपत्रावर सही केली होती, भाऊ दुखावू नयेत म्हणून. ही गोष्ट माझ्या मुलीला पाठ असावी. शुभंकरोतीही रोज होते आमच्याकडे.

काळा_फळा
सैतान नि जादूघर यावर इतका वेळ घालवलात आणि खऱ्या दोषाकडे कोणी बघेना. १९७६ साली आयोवात रेनबोच्या एका असेंब्लीने, म्हणजे शाखेने, बारा वर्षांची मुलगी घेतली. वडील गोरे मेसन, आई कृष्णवर्णीय. वरच्या मंडळींनी त्या राज्यातल्या असेंब्लींवरच कारवाई केली. का? काळ्या मुलींना घ्यायचं नाही असा अलिखित नियम होता म्हणून. प्रिन्स हॉल मेसनांना, म्हणजे कृष्णवर्णीय मेसनांना, १७७५पासून वेगळी चूल का मांडावी लागली, तेही वाचा. आपल्या सावळ्या पोरींना तिथे पाठवताना हे ठाऊक असायला हवं.

ओमाहाची_आई
रेनबो वेगळी संघटना आहे, १९२२ची, ओक्लाहोमातल्या मॅकअलेस्टरची. पण घडलं ते घडलं आणि लाजिरवाणं होतं, त्यावर वाद घालणार नाही. याच मुद्द्यावर लेख असता तर मी हा धागा काढलाच नसता.

मंडळाचा_कार्यकर्ता
मुलींनी पुढे यावं म्हणून अमेरिकन लॉज कशाला? आपली महाराष्ट्र मंडळं काय कमी आहेत? तिथे संस्कारही मिळतात.

सोनचाफा
राहवत नाही म्हणून लिहिते. गणपतीत माझ्या मुलीला मिळालेलं काम म्हणजे नऊवारी नेसून पाहुण्यांना ओवाळणं. तिच्याच वर्गातल्या मुलाला साऊंडचा मिक्सर दिला. तिने मागितला तेव्हा "अगं, साडी अडकेल" म्हणाले. कार्यकारिणीत बायका असतात त्या भोजन आणि सजावट समितीत.

मंडळाचा_कार्यकर्ता
सरसकट विधानं नकोत. पाचशे पानांचा स्वयंपाक उभा करणं हे नेतृत्व नाही का? रात्री दोनला हॉल झाडायला थांबतो आम्ही, तेव्हा तक्रार करणारे घरी झोपलेले असतात!

सोनचाफा
हॉल झाडायला मीही थांबले आहे. अर्थसंकल्प मात्र मला कधी दाखवला नाहीत.

न्यूजर्सीची_सून
सोनचाफा, हे शंभर टक्के खरं. आमच्याकडे युवा समिती आहे, पण तिचे निर्णय काकाच घेतात. चौदा वर्षांच्या मुलीला चेकबुक कोण देतं?

वारसा_फेरी
मंडळाचं भांडण वेगळ्या धाग्यावर न्या की.

सोनचाफा
का न्यायचं? आपण दिलं नाही म्हणून मुली तिकडे जातात. विषय हाच आहे.

मंडळाचा_कार्यकर्ता
ठीक. खजिनदाराच्या हाताखाली एक मुलगी घ्यावी, हे मी बैठकीत मांडतो. पण बाहेरच्यांचं कौतुक करण्यासाठी आपल्यांना झोडपण्याची सवय वाईट, ते मागे घेणार नाही.

काळा_फळा
आता मूळ प्रश्न. मुलींनीच सगळं चालवायचं, तर बेथेलच्या मोठ्यांच्या समितीत असोसिएट गार्डियन या पदावर मेसन पुरुषच का लागतो? आणि मेसनाशी नातं असल्याशिवाय प्रवेश नाही हा नियम कितीतरी वर्षं होता ना?

ओमाहाची_आई
होता. आता नातं नसेल तर पुरस्कर्ते चालतात, आम्ही तसेच आत आलो. मेसनाच्या अटीला माझ्याकडे उत्तर नाही, ती मलाही खटकते. १९५९ला अमेरिकेत चाळीस लाखांवर मेसन होते, आज दहा लाखही नाहीत. या अटीपायी बेथेल बंद पडायची वेळ आली तर भांडणारी पहिली मी असेन. पण खटकतं म्हणून पोरीच्या हातातली हिशेबाची वही मी काढून घेणार नाही.

स्पष्टवक्ता_नाशिक
मुलगा तुमच्याच नेब्रास्कात, लिंकनला असतो, जानेवारीत मी तिथे आहे. नव्या राणीचं, म्हणजे बेथेलच्या प्रमुख मुलीचं, पदग्रहण सगळ्यांना खुलं असेल तर तारीख कळवा, येऊन बघतो. मत बदलेलच असं नाही.

ओमाहाची_आई
तारीख व्यक्तिगत निरोपात कळवते, काका. नातीलाही आणा.