कॉलेजात ओळखी कशा करू?

वर्ध्याहून नागपूरला आली मी, बर्डीजवळच्या कॉलेजात फर्स्ट इयरला. दोन महिने झाले, लेक्चर संपलं की सरळ होस्टेल, डबाही एकटीच खाते. नोटीसबोर्डावर एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना), नाटक सगळं लागलंय पण जायची हिंमतच होत नाही.

सीनियर ताई: एनएसएस घे! दोन वर्षांत 240 तास काम अन् सात दिवसांचा कॅम्प. आमचा खेड्यात होता, सकाळी श्रमदान, रात्री गंजातली (मोठ्या पातेल्यातली) भाजी वाढता वाढता ज्या पोरी भेटल्या त्याच आजही माह्या मैत्रिणी आहेत.

बॅकस्टेजवाला: नाटकात अ‍ॅक्टिंगच लागते असं नाही, मी नुसते सेटचे खिळे ठोकले. तालमीनंतर कस्तुरचंद पार्कजवळ तर्री पोहे, खऱ्या गप्पा तिथंच.

प्रश्नवाली: उद्याच फॉर्म आणते, थँक्यू ताई, भाऊ!