अपवर्कवर प्रपोजल उघडलंच जात नाही, घोडं नेमकं कुठे अडतंय?

विक्रोळी_एडिटर:

मंडळी, मी व्हिडिओ एडिटिंग करते. मुख्यतः पॉडकास्ट आणि त्यातून निघणारे शॉर्ट्स. अंधेरीतल्या स्टुडिओंचं काम असतं, पण बिलं थकतात म्हणून अपवर्कवर, म्हणजे फ्रीलान्स कामं मिळवायच्या वेबसाइटवर, बाहेरचे क्लायंट मिळवायचा प्रयत्न चालू आहे. प्रपोजल (कामासाठीचा अर्ज) पाठवायला लागणारे विकतचे टोकन, म्हणजे कनेक्ट्स, उडतायत, उत्तर मात्र येत नाही.

एक नमुना देते. मूळ इंग्रजीत आहे, इथे मराठीतून सांगते.

जाहिरात: आठवड्याला एक एपिसोड, ५० मिनिटांचा, दोन कॅमेरे, ऑडिओ वेगळा. एक लांब व्हिडिओ आणि कॅप्शनसह पाच शॉर्ट्स हवेत. आधीच्या एडिटरच्या शॉर्ट्समध्ये 'एनर्जी नव्हती'. बजेट एपिसोडमागे १५० डॉलर.

माझं प्रपोजल: 'आदरणीय हायरिंग मॅनेजर, आपली जाहिरात वाचून आनंद झाला. मी अनुभवी आणि मेहनती व्हिडिओ एडिटर आहे. मला प्रीमियर प्रो, आफ्टर इफेक्ट्स आणि दा विंची रिझॉल्व्ह उत्तम येतं. दर्जेदार काम वेळेत देईन. पोर्टफोलिओ सोबत जोडला आहे. आपल्यासोबत काम करायला उत्सुक आहे.' दर लावला ९० डॉलर.

यात चुकतंय काय? दर अजून खाली आणू का?

---

रफकट_मुलुंड:

दराचं नंतर बघू. आधी क्लायंटच्या स्क्रीनवर काय दिसतं ते डोळ्यांसमोर आणा. त्याच्यापुढे एक यादी असते. प्रत्येक नावासमोर फोटो, प्रोफाइलचं शीर्षक, दर आणि कव्हर लेटरच्या सुरुवातीच्या दोनेक ओळी. बाकीचं सगळं क्लिक केल्यावर. तुमच्या त्या दोन ओळी 'आदरणीय' आणि 'आनंद झाला' यांनीच खाल्ल्या. त्यात हल्ली निम्मं जग चॅटजीपीटीकडून प्रपोजल लिहून घेतं, त्यामुळे त्या यादीत सगळ्यांनाच आनंद झालेला असतो आणि सगळेच उत्सुक असतात.

जाहिरातीत त्या माणसाने दुखणं स्वतःच सांगून टाकलंय: शॉर्ट्समध्ये एनर्जी नाही. प्रपोजल तिथूनच सुरू व्हायला हवं होतं. चॅनलची लिंक दिली असेल तर शेवटचे तीन शॉर्ट्स बघा. लिंक नसेल तर क्लायंटला आधीच्या फ्रीलान्सरांनी दिलेले रिव्ह्यू वाचा, त्यात बऱ्याचदा शोचं किंवा क्लायंटचं नाव सापडतं. मग पहिल्या दोन ओळी अशा येतील:

'तुमचे शेवटचे तीन शॉर्ट्स पाहिले. तिन्हींत पहिले काही सेकंद पाहुण्याच्या ओळखीत जातात आणि मुद्द्याचं वाक्य त्यानंतर येतं. ते वाक्य मी पहिल्याच सेकंदाला आणीन आणि ओळख खालच्या पट्टीत टाकीन.'

पण शॉर्ट्समध्ये खरोखर दिसलं तेच लिहा. ठोकून दिलेलं निरीक्षण क्लायंट लगेच ओळखतो, कारण तो व्हिडिओ त्याने तुमच्यापेक्षा जास्त वेळा पाहिलेला असतो.

पुढच्या परिच्छेदात काय-काय हातात देणार ते मोजून लिहा: एक लांब व्हिडिओ १६:९ मध्ये, पाच शॉर्ट्स १०८० बाय १९२० मध्ये, प्रत्येकी ६० सेकंदांच्या आत, कॅप्शन हाताने तपासलेली, ऑडिओ -१४ एलयूएफएसला (आवाजाची पातळी मोजायचं एकक) आणलेला, दुरुस्तीच्या दोन फेऱ्या. सॉफ्टवेअरची यादी काढून टाका. ती प्रोफाइलवर आहेच, आणि क्लायंटला तुमच्या टूलशी काही देणंघेणं नसतं. अपवाद एकच: त्याने प्रोजेक्ट फाइल मागितली असेल तर प्रीमियर की रिझॉल्व्ह हे सांगावं लागतं.

त्यानंतर प्रश्न, जास्तीत जास्त दोन. कामातल्या माणसालाच सुचतील असे विचारा. उदाहरणार्थ, 'दोन्ही कॅमेरे एकाच फ्रेम रेटवर आहेत का, की एक बाजू फोनवर किंवा झूमवर रेकॉर्ड होते?' फोनचं रेकॉर्डिंग बहुतेक वेळा व्हेरिएबल फ्रेम रेटचं असतं, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम हे बदलत राहतं. एपिसोडच्या सुरुवातीला ऑडिओ बरोबर जुळतो आणि शेवटाकडे ओठ एकीकडे, आवाज दुसरीकडे. ते आधी कॉन्स्टंट करून घ्यावं लागतं. एवढं एक वाक्य घाला, अनुभवाबद्दल वेगळं सांगायची गरज उरत नाही. उलट 'तुमचं बजेट किती?' किंवा 'डेडलाइन काय?' हे जाहिरातीत दिलेलं असताना विचारलंत, तर वाचलंच नाही हे उघड होतं.

नमुना एकच जोडा, त्याच प्रकारचा, आणि काय बघायचं ते सांगा: '०:४२ ते १:१० बघा, दोन कॅमेऱ्यांची कटिंग आहे.' अख्खा पोर्टफोलिओ पुढे ओतला तर कोणीही उघडत नाही. शेवटी कधी सुरू करू शकता आणि पहिला कट किती दिवसांत देणार. बस्स. सगळं मिळून इंग्रजीत १२० ते १८० शब्द. चौकटीत ५००० कॅरेक्टर मावतात म्हणून ती भरायची नसते.

एक सूचना: जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. 'प्रपोजलची सुरुवात अमुक शब्दाने करा' अशी मेख काही जण मुद्दाम मारून ठेवतात. तो शब्द नसला की पुढचं कोणी वाचत नाही.

---

हिशेबी_ठाणे:

दर कमी करू नका, उलट वाढवा. १५० चं बजेट लिहिलेल्या माणसाला ९० सांगितले की त्याला वाटतं, हिला काम कळलेलं नाही.

तास मांडून बघा. ऑडिओ-व्हिडिओ जुळवणं (सिंक) आणि दोन्ही कॅमेरे एकत्र लावणं (मल्टिकॅम) १, मुख्य कटिंग ३, ऑडिओ साफ करणं १, कलर अर्धा, पाच शॉर्ट्स कॅप्शनसह ३, दुरुस्त्या दीड, एक्स्पोर्ट आणि अपलोड अर्धा. झाले साडेदहा तास. तासाला १२ डॉलर धरले तरी १२६ होतात. त्यावर अपवर्कची फी. ती आता कामागणिक शून्य ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असते आणि प्रपोजल भरतानाच दिसते. १० टक्के असेल तर १२६ हातात पडायला १४० लावावे लागतात. तुमच्या ९० मधून फी वजा जाऊन ८१ उरतात, म्हणजे तासाला आठ डॉलरही नाहीत.

डाउनलोडचा वेळही धरा. ५० एमबीपीएसचं फुटेज तासाला साडेबावीस जीबी भरतं. दोन कॅमेरे म्हणजे ४५ जीबी. १०० एमबीपीएसच्या लाइनवर सगळं सुरळीत चाललं तरी तास जातो, आणि सुरळीत चालत नाही. '२४ तासांत देते' लिहिण्याआधी हे वजा करा, नाहीतर पहिल्याच एपिसोडला शब्द खाली पडायचा.

संगीताचं लायसन्स कोणाच्या नावावर, हेही प्रपोजलमध्येच लिहा. क्लायंटच्या खात्यावरून घेतलेलं बरं. नाहीतर यूट्यूबवर कंटेंट आयडीचा (कॉपीराइट असलेलं संगीत आपोआप ओळखणारी यंत्रणा) क्लेम आला की तो निस्तरायला तुम्हालाच बोलावतील.

---

विक्रोळी_एडिटर:

बापरे, खूप उपयोगी. आठ डॉलरचा हिशेब कधी मांडलाच नव्हता. आणखी तीन शंका: जादा कनेक्ट्स देऊन प्रपोजल यादीत वर न्यावं, म्हणजे बूस्ट करावं का? प्रपोजल कधी पाठवावं? आणि 'आधी एक शॉर्ट फुकट करून दाखवा' म्हणणाऱ्यांचं काय करायचं?

---

कनेक्ट_वाचवा:

बूस्टच्या आधी जाहिरात निवडायला शिका. एक कनेक्ट १५ सेंटचा. एका प्रपोजलला दहा-पंधरा लागले तर दीड ते सव्वादोन डॉलर गेले, म्हणजे सरसकट पाट्या टाकणं परवडत नाही.

जाहिरातीच्या बाजूला बघायचं ते असं: पेमेंट व्हेरिफाइड आहे का, आतापर्यंत किती खर्च केलाय, हायर रेट (टाकलेल्या जाहिरातींपैकी किती टक्क्यांत नेमणूक केली) किती. भरपूर जाहिराती टाकलेल्या आणि नेमणूक जवळजवळ नाही, असा माणूस फक्त भाव काढत फिरत असतो. मग खाली क्लायंटने जाहिरात शेवटची कधी पाहिली आणि किती जणांशी बोलणं चालू आहे ते बघा. ५० हून जास्त प्रपोजल, पाच जणांशी बोलणं चालू आणि क्लायंट चार दिवस फिरकलेला नाही, तर ती जाहिरात सोडा.

बूस्ट म्हणजे यादीतल्या वरच्या मोजक्या जागांसाठी लावलेली बोली. पहिल्या दोन ओळी जोरदार असतील तरच तिचा उपयोग. तुमचं आत्ताचं प्रपोजल वर नेलं तर ते फक्त लवकर नाकारलं जाईल. नवी जाहिरात आणि कामाशी तंतोतंत जुळणारा नमुना, दोन्ही असतील तर थोडी बोली लावून बघा.

वेळ: न्यूयॉर्कची सकाळ ९ म्हणजे आपली हिवाळ्यात संध्याकाळ ७.३०, उन्हाळ्यात ६.३०. लंडनचे ९ म्हणजे हिवाळ्यात दुपारी २.३०, उन्हाळ्यात १.३०. तो माणूस कामाला बसल्यावर जाहिरात टाकतो, तेव्हा तुम्ही विक्रोळीच्या फलाटावर असता. म्हणून सेव्ह केलेल्या सर्चचे अलर्ट चालू ठेवा आणि साचा नव्हे, पण नमुन्याच्या लिंका आणि हातात काय देणार याचा परिच्छेद तयार ठेवा. सुरुवात मात्र दरवेळी नवी लिहायची.

आणि प्रोफाइलचं शीर्षक बदला. यादीत ते नावाखालीच दिसतं. 'व्हिडिओ एडिटर' लिहिलंत तर लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्यांच्या गर्दीत उभ्या राहाल. 'पॉडकास्ट एडिटर, लांब एपिसोड आणि शॉर्ट्स' असं हवं.

---

रफकट_मुलुंड:

फुकट शॉर्टबद्दल: त्यांचं खासगी फुटेज घेऊन काहीही फुकट करायचं नाही. पाच जणांकडून एकेक फुकट शॉर्ट घेतला की त्याच्या एपिसोडचे पाचही शॉर्ट्स फुकटात झाले. उत्तर असं द्या: 'एका शॉर्टची पेड टेस्ट करू, २५ डॉलरचा एक माइलस्टोन. आवडलं तर पुढचा एपिसोड.' माइलस्टोन म्हणजे कामाचा एक टप्पा, ज्याचे पैसे क्लायंट आधीच अपवर्ककडे भरून ठेवतो. माइलस्टोनला पैसे भरल्याशिवाय फाइल डाउनलोडही करू नका. काम सबमिट केल्यावर क्लायंट गप्प बसला तर १४ दिवसांनी पैसे आपोआप सुटतात, पण आधी भरलेले असले तरच.

एडिटिंगला तासावरचं काम जपून घ्या. अपवर्कचा वेळ मोजणारा ट्रॅकर दर दहा मिनिटांत एक स्क्रीनशॉट घेतो आणि कीबोर्ड-माउसची हालचाल मोजतो. रेंडर चालू असताना ती शून्य असते, आणि अशा वेळेला पेमेंट प्रोटेक्शन (क्लायंटने पैसे नाकारले तर अपवर्कची हमी) मिळेल याचा भरवसा नाही.

---

हिशेबी_ठाणे:

पेड टेस्टला माझा पाठिंबा, पण एक मधला रस्ता आहे. त्यांच्या यूट्यूबवर असलेल्या एपिसोडमधली एक जागा निवडा आणि ६० ते ९० सेकंदांचं स्क्रीन रेकॉर्डिंग करा: 'इथून कापीन, हे वाक्य पुढे आणीन, इथे कॅप्शनचा रंग बदलेन.' काहीही एडिट करून द्यायचं नाही, फक्त बोट ठेवून दाखवायचं. विचार कळतो आणि फाइल हातात जात नाही. हे सगळ्यांसाठी करत बसू नका, ज्या दोन-तीन जाहिराती मनापासून हव्यात त्यांच्यासाठीच.

आणि करार होण्याआधी 'टेलिग्रामवर या' म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा. करारापूर्वी बाहेर संपर्क करणं नियमात बसत नाही, आणि त्यातले बरेच जण पुढे रजिस्ट्रेशन डिपॉझिट मागतात. काम देणारा पैसे मागत नसतो.

---

बिल_थकलंय:

ताई, अंधेरीचं काम सोडू नका, तिथलं कोटेशन सुधारा. व्हॉट्सअ‍ॅपवर 'एपिसोडचे इतके' असा आकडा पाठवला की थकबाकी तिथेच सुरू होते. एक पानाची पीडीएफ करा: काय देणार, दुरुस्तीच्या दोन फेऱ्या, तिसरीपासून वेगळा दर, ५० टक्के आगाऊ, उरलेले फायनल फाइलच्या आधी. तोपर्यंत वॉटरमार्क असलेलाच कट दाखवायचा.

उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करून घ्या, ती फुकट आहे, आणि नंबर कोटेशनवर आणि बिलावर छापा. एमएसएमईडी कायदा २००६ प्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. करार नसेल तर मुदत १५ दिवसांची. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही मासिक चक्रवाढीने. व्याज प्रत्यक्षात कोणी मागत नाही, नाहीतर पुढचं काम जातं. पण नंबर छापलेला असला की त्यांचा अकाउंटंट आपणहून बिल वर सरकवतो, कारण मुदत उलटून आर्थिक वर्ष संपेपर्यंत पैसे दिले नाहीत, तर त्या वर्षी तो खर्च त्यांना आयकरात वजा करता येत नाही.

टीडीएस कापूनच पैसे येणार हे धरून चाला. १० टक्के कापले तर ५०,००० च्या बिलाचे ४५,००० खात्यात येतात, उरलेले रिटर्न भरताना जमेला धरले जातात. हे माहीत नसलं की उगाच भांडण होतं.

---

विक्रोळी_एडिटर:

शेवटचं विचारते. उत्तर नाही आलं तर फॉलोअप करायचा का? आणि नमुना ड्राइव्हवर ठेवला तर चालतो ना?

---

कनेक्ट_वाचवा:

अपवर्कवर क्लायंटने चॅट उघडल्याशिवाय तुम्हाला मेसेज टाकता येत नाही, त्यामुळे नुसत्या प्रपोजलचा फॉलोअप हा प्रकारच नाही. चॅट उघडून गप्प झाला असेल तर तीन दिवसांनी एकदाच लिहा, तेही 'काही अपडेट?' असं नको. 'गुरुवारपासून एका एपिसोडची जागा मोकळी आहे, घ्यायचा असेल तर बुधवारपर्यंत फुटेज लागेल' असं लिहा. अंधेरीवाल्यांना मात्र मेलवर पीडीएफ आणि दुसऱ्या दिवशी फोन.

ड्राइव्ह चालतो, पण लिंक पाठवण्याआधी इन्कॉग्निटो विंडोत उघडून बघा. परवानगी मागणारं पान आलं तर क्लायंट रिक्वेस्ट टाकत बसत नाही, खिडकी बंद करतो. आणि नुकताच अपलोड केलेला व्हिडिओ ड्राइव्हवर प्रोसेस व्हायला वेळ लागतो, तोवर धूसर दिसतो किंवा चालतच नाही. यूट्यूबवर अनलिस्टेड ठेवलात तर लिंकमध्येच वेळ घालता येते, थेट ०:४२ ला उघडतो.