केस मऊ झाले पण चिपकून राहतात, कंडिशनर जास्त झालं का?

खारपाणातली सून
माह्यं माहेर वर्ध्याकडचं, तिथं विहिरीचं पाणी गोड. दोन वर्षं झाले लग्न होऊन दर्यापूरकडं आली तं इथं बोअरचं पाणी खारं, शाम्पूले फेसच येत नाही, सहा महिन्यात केस खराट्यासारखे झाले. म्हणून कंडिशनर सुरू केलं, आधी हप्त्यातून दोनदा, मंग रोज, मुळापासून चोपडून अर्धा घंटा ठेवायचं, वरून सिरम, रविवारी हेअर मास्क. सुरुवातीले लय मस्त वाटलं. आता दोन महिन्यांपासून केस मऊ तं आहेत पण ओल्या कापसासारखे, डोक्याले चिपकतात, दुसऱ्याच दिवशी तेल लावल्यासारखे दिसतात, वेणी सैल पडते, अन् सकाळी न्हायलं तं दुपारपर्यंत वाळत नाही. सासूबाई म्हणतात, केसात जीवच राह्यला नाही. मले वाटलं कोरडे झाले, अजून मास्क लावला तं जास्तच झालं. कलर, स्मूदनिंग काहीच केलेलं नाही. काय करू?

मूर्तिजापूर पार्लर
ताई, आधी तो मास्क बंद करा. कोरडा केस खरखर करतो, गुंततो, उडतो. तुम्ही सांगता ते बरोबर उलटं आहे, हे कंडिशनर जास्त झाल्याचं लक्षण आहे. खात्री करायची तं न्हाताना गळलेला एक ओला केस घ्या, दोन्ही टोकं धरून हळूहळू ताणा. चांगला केस थोडा ताणून परत जागेवर येतो. कोरडा लवकर तुटतो. अन् तुमच्यासारखा असंन तं रबरासारखा लांबतच जाईन अन् परत येणार नाही. ब्लीच, स्मूदनिंग केलेल्या केसाचंही असंच होते, पण तुम्ही तं ते केलं नाही.

आता उपाय. सल्फेटवाला साधा शाम्पू आणा, पाकिटावर सोडियम लॉरेथ सल्फेट लिहिलेलं पाहा. एकाच वेळी दोनदा लावा, पहिल्या वेळी फेस कमीच येईन, दुसऱ्या वेळी बरोबर येते. तीन-चार न्हाण्यांपर्यंत कंडिशनर, सिरम काहीच नाही. केस थोडे रुक्ष वाटतील, घाबरून परत मास्ककडं जाऊ नका, माह्याकडं येणाऱ्या पोरी इथंच चुकतात.

बोरगावची
खायचा सोडा लावा ना पाण्यात कालवून, सगळा चिकटपणा निघते, माह्या जावेनं केलं होतं.

रसायनवाला, अकोट
सोडा नका लावू हो ताई, मनापासून सांगतो. डोक्याच्या कातडीचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, 5.5 च्या आसपास असतो अन् सोड्याच्या पाण्याचा 8 च्या वर, त्यानं केसाची वरची खवलं उघडतात अन् केस अजून कमजोर होतो.

चिपकते काहून ते सांगतो. केसाच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो अन् कंडिशनरमधल्या मुख्य घटकावर धन भार, म्हणून तो केसाले धरून बसतो, नुसत्या पाण्यानं पुरता जात नाही, शाम्पूनंच काढा लागते. सिरममधलं डायमेथिकॉन, म्हणजे एक सिलिकॉन, तं पाण्यात विरघळतच नाही. अन् आपला हा पूर्णा नदीचा खारपाणपट्टा, अमरावती, अकोला, बुलढाण्यातला, इथं खाऱ्या पाण्यात फेसच होत नाही म्हणजे शाम्पूचं कामच अर्धं होते. कालचा थर निघाला नाही तं आजचा त्यावर बसला. म्हणून नुसतं कंडिशनर सोडून भागणार नाही, पाण्याचंही पाहा. योजनेचा नळ असंन तं डोकं त्याच पाण्यानं धुवा, नाही तं आरओच्या कॅनचे शेवटचे दोन-तीन तांबे तरी. क्षाराचा पांढुरका थर वाटला तं लिटरभर पाण्यात चमचाभर व्हिनेगर, दोन मिनिटं ठेवून धुऊन टाका.

मूर्तिजापूर पार्लर
पाण्याचं भाऊंनी बरोबर सांगितलं, माह्या लक्षात नाही आलं. अन् ताई, पुढं कंडिशनर लावसान तं कानाखालच्या केसाले, दोन-तीन मिनिटं, हप्त्यातून एकदा. मुळाले नाही. रुक्षपणा वाटला तं न्हायच्या आधी खोबरेल तेल लावा. रेले अन् मोहिले या संशोधकांनी 2003 साली खोबरेल, सूर्यफूल अन् मिनरल तेल तपासून पाह्यलं होतं, केसातलं प्रोटीन वाहून जाणं फक्त खोबरेलानंच कमी झालं. आपल्या आज्या हेच करत होत्या.

खारपाणातली सून
तीन हप्ते झाले, सांगायलेच आली. केस ताणून पाह्यला होता, खरंच लांबतच गेला, तेव्हा विश्वास बसला. पहिले दोन न्हाणे लय रुक्ष वाटले, हात शिवशिवत होते मास्कसाठी, पण नाही लावला. चौथ्या न्हाण्याले केस मोकळे झाले, घंट्याभरात वाळले, अन् काल वेणी संध्याकाळपर्यंत जशीच्या तशी होती. घरी नळ एक दिवसाआड येते, त्या पाण्याची एक बादली आता डोक्यासाठी झाकून ठेवते. सासूबाई पण त्यातूनच डोकं धुतात.