एमएमएस, पीजीडीएम की नोकरी सांभाळून अर्धवेळ? मदत हवी आहे

मंडळी नमस्कार. इथे बरेच दिवस नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मी कळव्याला राहते. बीकॉम झालंय आणि ऐरोलीत एका कंपनीत अकाउंट्स पेएबलचं काम करते, तिसरं वर्ष चालू आहे. व्हेंडरची बिलं तपासायची, नोंदी टाकायच्या, महिनाअखेरीला रात्री उशिरापर्यंत थांबायचं. हातात २८ हजार येतात. टीम लीडच्या जागेबद्दल विचारलं तेव्हा 'एमबीए असतीस तर बघता आलं असतं' असं उत्तर मिळालं. एमबीएची सीईटी (राज्याची प्रवेश परीक्षा) दिली, ९३ पर्सेंटाइल आले. म्हणजे जमनालाल बजाज आणि सिडनहॅम या वरच्या कॉलेजांचा विषय संपला.

आता समोर तीन वाटा आहेत. पहिली, कॅपमधून (सीईटीच्या मेरिटवरची सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) पूर्णवेळ एमएमएस, म्हणजे मुंबई विद्यापीठाचं एमबीए. ठाण्याचं बेडेकर बहुतेक मिळेल, नेरूळचं एसआयईएस काठावर आहे. बेडेकर म्हणजे खाडी ओलांडली की आलंच. नेरूळला ठाण्याहून ट्रान्स-हार्बर, तीही सवयीची. (कळवा-ऐरोली उन्नत मार्ग होईल तेव्हा होईल.) पण नोकरी सोडावी लागणार.

दुसरी, नवी मुंबईतल्याच एका खाजगी संस्थेचा पीजीडीएम (मॅनेजमेंटची पदविका). दोन वर्षांचे साडेनऊ लाख. त्यांच्या काउन्सेलर बाईंचे सारखे फोन येतात, 'मॅडम, सीट्स भरत आल्यात.' मी पहिल्यांदा चौकशी केली तेव्हापासून त्या भरतच आल्यात. कॅम्पस मात्र चकाचक आहे आणि सरासरी पॅकेजचा आकडा डोळे दिपवणारा.

तिसरी, मुंबई विद्यापीठाचा तीन वर्षांचा अर्धवेळ एमएफएम (फायनान्समधली मास्टर्स), नोकरी सांभाळून.

बाबा गेल्या वर्षी निवृत्त झाले, भाऊ डिप्लोमाला आहे. आई म्हणते हातची नोकरी सोडू नकोस. बाबा म्हणतात पीएफ आहे की! त्याला मला हात लावायचा नाही. कर्ज काढायचं तर ते माझ्या डोक्यावर. पुढे फायनान्समध्येच राहायचंय, पण बिलं तपासण्यात नाही. तुम्ही काय केलं असतं?

घोडबंदरी: आधी कागद काय मिळणार ते बघ. एमएमएस ही मुंबई विद्यापीठाची पदवी आहे, नोकरीच्या बाजारात ती एमबीएच धरतात. पीजीडीएम पदविका असते. तिला एआयसीटीईची (तंत्र-व्यवस्थापन शिक्षणाची केंद्रीय परिषद) मान्यता हवीच, शिवाय एआययूची (विद्यापीठांची संघटना) पदवीशी समकक्षता असेल तर पुढे नेट-पीएचडीला अडत नाही. डिप्लोमा म्हणून नाक मुरडू नकोस, आयआयएमसुद्धा २०१७चा कायदा येईपर्यंत पदविकाच देत होत्या. फक्त तुझी संस्था आयआयएम नाही आणि फी मात्र त्या थाटाची आहे.

मीटर_डाऊन: एमबीए कशाला? सीएमए (कॉस्ट अकाउंटंटचा कोर्स) कर. खर्च कमी, नोकरीही सुटत नाही.

धागाकर्ती: @मीटर_डाऊन, विचार केला होता. पण दिवसभर हिशेब आणि रात्री पुन्हा हिशेब, माझ्याच्याने होणार नाही.

नेरूळची_काकू: घोडबंदरींनी फीचा मुद्दा काढलाच आहे तर विचारते. प्रवर्ग कोणता गं तुझा? आणि घरचं सगळ्यांचं मिळून वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे का?

धागाकर्ती: ओबीसी. माझा पगार आणि बाबांची तुटपुंजी पेन्शन धरून आठच्या बरंच आत. का हो काकू?

नेरूळची_काकू: मग हे तुला कोणी सांगितलं कसं नाही? जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे. ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. अट एवढीच की प्रवेश कॅपमधून हवा. मॅनेजमेंट कोटा, अभिमत विद्यापीठ, खाजगी विद्यापीठ यांना हे लागू नाही. विकास निधी वगैरे कॉलेज वेगळं घेईल ते घेईल. अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेयर आत्ताच काढून ठेव. प्रवेशाच्या दिवसांत सेतू केंद्रात उभं राहायला जागा नसते. माझ्या भाचीचा नॉन-क्रीमीलेयर वेळेत आला नाही आणि आम्ही सगळे कासावीस.

अर्धवेळ_पूर्णवेळ: मी एमएफएम केलंय, नोकरी करत. दिवसभर ऑफिस, संध्याकाळी वर्ग, तीन वर्षं रविवार नावाचा वार नव्हता. वर्गात सगळे नोकरीवाले, त्यामुळे गप्पांतून खूप शिकायला मिळालं, काही सरांपेक्षा जास्तच. पण दोन गोष्टी. कॅम्पस प्लेसमेंटची आशा धरू नका. आणि दुसऱ्या सेमिस्टरनंतरची दोन महिन्यांची समर इंटर्नशिप नसते. काम बदलायचं असेल तर दार तिथेच उघडतं. त्याच कंपनीत टीम लीड व्हायचं असेल तर अर्धवेळ पुरे, पण अर्धवेळ पदवी बढतीला धरतात का हे एचआरकडून मेलवर घ्या. तोंडी 'बघू'ला काही अर्थ नसतो. तुम्हाला बिलांतूनच बाहेर पडायचंय, म्हणून माझं मत पूर्णवेळ.

तुर्भे_लोकल: आकडेमोड मी करतो. दोन वर्षांचा बुडालेला पगार ६,७२,०००. हा एमएमएसलाही बुडेल आणि पीजीडीएमलाही. त्यावर पीजीडीएमचे साडेनऊ लाख म्हणजे सव्वासोळा लाखांच्या घरात, व्याज वेगळं. फीमाफी मिळाली तर एमएमएसला मुख्य खर्च तो पगारच. हा नऊ-साडेनऊ लाखांचा फरक भरून निघेल एवढी जास्त चांगली नोकरी तो पीजीडीएम देतो का, एवढाच प्रश्न आहे.

ते तपासायची सोपी युक्ती सांगतो. सरासरी पॅकेजवर जाऊ नकोस, एका पोराला तगडी ऑफर लागली की सरासरी टुणकन वर जाते. एनआयआरएफमध्ये (केंद्र सरकारची कॉलेजांची क्रमवारी) भाग घेणाऱ्या संस्थांना आपली माहिती स्वतःच्या वेबसाइटवर टाकावी लागते. त्या पीडीएफमध्ये किती जण पास झाले, किती जणांना नोकरी लागली आणि मधला पगार (निम्म्यांना त्याहून जास्त, निम्म्यांना कमी) किती, हे वर्षवार असतं. ब्रोशरशेजारी ठेवून वाच, करमणूक होईल. मग लिंक्डइनवर त्या कॉलेजचे माजी विद्यार्थी शोध आणि बॅक ऑफिसमधून आलेले कुठे पोचले ते बघ. 'रिलेशनशिप मॅनेजर' फार दिसले तर समजून जा, फायनान्सच्या नावाखाली खाती उघडायचं टार्गेट असतं.

धागाकर्ती: काकू, हा शासन निर्णय मला खरंच माहीत नव्हता. उद्या हाफ डे टाकून तहसील कार्यालयात जातेय. तुर्भे दादा, पीडीएफ बघितली. काउन्सेलर बाईंनी सांगितलेला आकडा आणि तिथला मधला पगार यांची एकमेकांशी ओळखसुद्धा नाही. पीजीडीएम बाद.

शेवटचा प्रश्न. कॅपच्या ऑप्शन फॉर्ममध्ये (कॉलेजांचा पसंतीक्रम) एसआयईएस काठावर असताना वर टाकू की खाली? वर टाकून बेडेकरही हातचं गेलं तर?

घोडबंदरी: जात नाही. वरचा पर्याय मिळाला नाही म्हणून खालच्याचा हक्क कमी होत नाही, मेरिट तेच राहतं. खरी चूक उलटी होते. सेफ म्हणून बेडेकर एक नंबरला टाकलंस आणि पहिल्या फेरीत मिळालं की ते आपोआप फ्रीझ, म्हणजे पक्कं होतं, पुढच्या फेऱ्यांतून तू बाहेर. त्यामुळे खरंच जे जास्त हवंय तेच वर टाक. आणि ते एसआयईएसच आहे का, हे दोन्हीकडे दुसऱ्या वर्षाच्या फायनान्सच्या मुलांना भेटून ठरव. समरला कुठे गेले होते ते विचार.

नेरूळची_काकू: एसआयईएसला आलीस तर डबा खायला माझ्याकडे ये.