डोळ्याच्या पडद्याचे फोटो धूसर येतात, लांबचे डॉक्टर परत पाठवतात. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी एका आडबाजूच्या आरोग्य केंद्रावर डोळे तपासणीचं काम बघते. इथे नेत्रतज्ज्ञ नाही आणि कोणी येईल अशी आशाही नाही, म्हणून हातात धरायचा फंडस कॅमेरा दिलाय, मी पडद्याचे फोटो काढून पाठवायचे आणि लांबचे डॉक्टर सवडीने बघून रिपोर्ट देणार. मुख्यतः शुगरच्या पेशंटसाठी. सोय चांगलीच आहे, कारण शुगरमुळे पडदा खराब व्हायला लागतो तेव्हा नजर शाबूत असते, पेशंटला पत्ताच नसतो.

पण गाडं अडतंय म्हाताऱ्या माणसांपाशी. तरुणांचे फोटो ठीक येतात, साठीच्या पुढच्यांचे मात्र राखाडी, कडेला काळी चंद्रकोर. रिपोर्टवर ठरलेला शेरा, "वाचता येत नाही, पुन्हा पाठवा". म्हणजे त्या आजींना परत अख्खा दिवस मोडून बोलवा. टेलिमेडिसिन म्हणे पेशंटची खेप वाचवायला आहे!

बाहुली मोठी करायचे थेंब घालू का? कॅमेरा "थेंबांशिवाय चालतो" असं सांगूनच दिलाय, शिवाय थेंबांनी काचबिंदूचा झटका येतो, म्हणजे डोळ्यातला दाब एकदम वाढतो, असं ऐकलंय त्यामुळे हात धजत नाही. नेट रडतखडत चालतं, फोटो व्हॉट्सॲपवर जातात. आणि एक जण म्हणतोय फोटो आपोआप वाचणारं एआयवालं सॉफ्टवेअर घ्या, सगळं सुटेल. खरंच सुटतं का?

प्रतिसाद १:
थेंबांचं डॉक्टर लोक सांगतील, मी फोटो काढणारा माणूस आहे. आधी हे बघा की सगळ्या पेशंटच्या फोटोत त्याच जागी तोच डाग दिसतो का. दिसत असेल तर लेन्स मळलीये, पेशंटचा काही दोष नाही. एकाच माणसाचा एक डोळा स्वच्छ आणि दुसरा धुकट आला तर बहुतेक मोतीबिंदू. काळी चंद्रकोर म्हणजे बाहुली लहान नाहीतर कॅमेऱ्याचं अंतर चुकलंय. खोलीत पूर्ण अंधार करा, पेशंटला आधी थोडा वेळ तिथे नुसतं बसू द्या, आणि एका डोळ्यावर फ्लॅश मारला की दुसरा लगेच घेऊ नका, फ्लॅशने दोन्ही बाहुल्या आकसतात. गर्दीच्या दिवशी नेमकं हेच राहून जातं. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो, बारीक रक्ताचे ठिपके पुसट होतात, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि त्यावर पेशंटचं नाव नको, नंबर टाका.

प्रतिसाद २:
ताई, मी असे फोटो वाचणाऱ्यांपैकीच आहे. थेंबांशिवाय चालणारा कॅमेरा म्हणजे बाहुली पुरेशी मोठी असेल तर चालणारा, आणि वय वाढलं की बाहुली लहान होते, शुगरमध्ये आणखीच. इंग्लंडच्या राष्ट्रीय डायबेटिक तपासणीत थेंब घालूनच प्रत्येक डोळ्याचे दोन फोटो काढतात, एकात मॅक्युला (पडद्याचा बारीक बघणारा मधला भाग) मध्यभागी, दुसऱ्यात डिस्क (डोळ्याची नस जिथून निघते ती जागा). ट्रॉपिकामाइडच्या थेंबांनी २०-३० मिनिटांत बाहुली मोठी होते. झटक्याची भीती अगदीच खोटी नाही, पण तो क्वचित येतो. थेंबाआधी टॉर्च कानशिलाच्या बाजूने, डोळ्याच्या पातळीत आडवा धरून बघा. नाकाकडचं बुबुळही उजळलं तर बुबुळाच्या पुढची जागा पुरेशी आहे, झटक्याची भीती कमी. तिकडे सावली पडली तर थेंब नको, सरळ रेफर करा. मात्र हे सगळं तुमच्या डॉक्टरांकडून लेखी घ्या, स्वतःच्या जबाबदारीवर नको. थेंबानंतर काही तास धूसर दिसतं, गाडी चालवायची नाही हे पेशंटला आधीच सांगा.

आणि "पुन्हा पाठवा" हा शेरा मला पटत नाही. थेंब घालूनही वाचता येत नसेल तर तो पेशंट तज्ज्ञाकडे जायलाच हवा, कारण वाचता न येणं म्हणजे नॉर्मल नव्हे. फोटोबरोबर नजर किती ते लिहा, बारीक छिद्रातून बघितल्यावर सुधारते का तेही. सुधारली तर बहुधा चष्म्याचा नंबर, नाही सुधारली तर मोतीबिंदू किंवा पडदा.

मूळ प्रश्नकर्ती:
दोघांचेही आभार. टॉर्चचं मला कोणी सांगितलंच नव्हतं. एआयचं काय मग?

प्रतिसाद ३:
एआयलाही फोटो स्वच्छच लागतो. गूगलने थायलंडच्या दवाखान्यांत त्यांची सिस्टीम वापरून बघितली, २०२० मध्ये त्यावर पेपर आला. १८३८ फोटोंपैकी २१ टक्के सिस्टीमने धूसर म्हणून नाकारले, नेट स्लो असल्याने रांगाही लांबल्या. म्हणजे तुमचीच तक्रार, फक्त शेरा मशीन मारणार. आधी अंधारी खोली आणि थेंबांचा लेखी आदेश, पैसे नंतर.

प्रतिसाद २:
एक राहिलं. अचानक नजर गेली, डोळ्यासमोर पडदा ओढल्यासारखं झालं, डोळा लाल होऊन खूप दुखतोय, असल्या पेशंटचा फोटो पाठवून रिपोर्टची वाट बघत बसू नका, थेट फोन करा आणि रवाना करा. डोळ्यात चुना किंवा ॲसिड गेलं असेल तर फोनच्याही आधी भरपूर स्वच्छ पाण्याने किमान १५ मिनिटं धुवा.